काजळीचं पाणी

या किनाऱ्यावर मला सेरीन म्हणतात.
गुडघे कुरकुरत मी उठतो, तेव्हाही
माणसं आवाज खाली घेतात.

चाळीस वर्षं लाकडी फळीवर
काजळीच्या शाईनं कुराणातल्या ओळी लिहिल्या,
पाण्यानं धुतल्या, ते पाणी बाटल्यांत भरलं:
परीक्षेला, बाळंतिणीला,
घर सोडून गेलेल्या नवऱ्याला.
अलीकडे होड्यांना.

रात्रभर दूरवर परकी जहाजं दिवे लावून उभी असतात,
समुद्र खरवडतात
पातेल्याच्या बुडाला लागलेल्या भातासारखा.
आमच्या जाळ्यात चपला येतात,
आणि बोटाएवढी मासळी,
जिला विकायची लाज वाटते, सोडायची त्याहून जास्त.
म्हणून पोरं उत्तरेला निघतात. सात रात्री, आठ रात्री,
खिशात बिस्किटं, दंडाला माझा ताईत.

रमजाननंतर अकरा जण गेले.
पेंदा सारनं कानातलं विकून मुलाला जागा घेतली,
आणि ताइतासाठी मला मेंढा आणून दिला.
मी घेतला.
खरं सांगतो, मेंढा धष्टपुष्ट होता.

आता ती कधीमधी येते, माझ्या उंबऱ्याशी बसते.
मुलाबद्दल काही विचारत नाही.
मेंढ्याबद्दल विचारते.
"बरा आहे ना?"

शुक्रवारी म्हातारे म्हणाले, "बंदी घाला, सेरीन,
तुमचा शब्द पोरं मोडणार नाहीत."

तेच तर. मोडणार नाहीत.
दर बुधवारी माझ्या भुईमुगात वीस पोरं राबतात,
फुकट, माझ्या नावानं गात.
मीच शिकवलं त्यांना: मान खाली, हात चालू,
स्वर्ग नंतर.
कुणी उलट प्रश्न विचारल्याचं आठवत नाही.
एकानं विचारला होता.
"दुसऱ्यानं सांगितलं म्हणून केलेलं पुण्य
कुणाच्या वहीत लागतं, सेरीन?"
मी त्याला विहिरीवर धाडलं, पाणी आणायला.
तो बिराम. पेंदाचा.

चोरी नको, दारू नको, शेजारी उपाशी नको,
एवढं गावाला पाठ करून घेतलं.
निवडायला शिकवायचं राहून गेलं.
ते समुद्रानं शिकवलं, त्याची फी त्यानं आगाऊ घेतली.

"राहून गेलं" हेही सोयीचंच बोलणं.
शेत माझं होतं.

काल रात्री फळी धुतली,
आणि ते पाणी पहिल्यांदाच मी स्वतः प्यालो.
धुराची चव. जिभेवर सकाळपर्यंत.
इतकी वर्षं लोक हे तोंड वाकडं न करता प्यायले.

आज बुधवार. निरोप धाडला, कुणी येऊ नका.
एकटाच खुरपं घेऊन बसलो.
पहिल्या ओळीतच कंबर धरली,
कुंपणापलीकडून मेंढा बघत होता.

उन्हं चढल्यावर त्यार्नो आला.
त्याच्या फोनमध्ये होडीवाल्याचा नंबर आहे,
गावभर माहीत आहे, मलाही.
"जा," म्हणालो. बसला.
"कुणी बोलावलं तुला?"
"तण फार माजलंय," म्हणाला,
आणि माझ्या शेजारची ओळ धरली.

सवयीनं बसला होता, की मनानं?
ओळखता येईना.
ओळ संपेपर्यंत मी त्याच्या हातांकडेच
बघत राहिलो.