मागचाच आकडा

अंबडच्या ऑफिसात, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी
मीच लिहिली होती ती ओळ:
सेन्सरकडून आकडा आला नाही, तर मागचाच धर.
शेजारी टीप – तात्पुरतं. सोमवारी नीट करू.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात,
पिंपळगावच्या बोरस्त्यांचे फोनवर फोन,
स्क्रीन लाल दिसली की आमचं बिल अडायचं.
हिरवी झाली.
चहाचे पैसे मी दिले.

तो सोमवार अजून यायचाय.

ती ओळ नीलाक्षीने उचलून निफाडच्या कोल्ड स्टोरेजला लावली,
तिथून ती दिंडोरीला गेली.
नव्या पोरांना आम्ही ती शिकवली, पद्धत म्हणून.
तपासणीच्या यादीवर सह्या आधी व्हायला लागल्या,
तपासणी जमली तर.
सकाळच्या मीटिंगला मी विचारायचो, काय स्थिती?
ज्याला माहीत नसे
तो कालचंच सांगायचा,
मीही वर तेच कळवायचो.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.

एकटे सोनजे म्हणायचे, एकदा उघडून बघू या की.
निरोप समारंभात त्यांना आम्ही घड्याळ दिलं,
भिंतीवरचं.

काल रात्री दोनला बोरस्त्यांचा मुलगा फोनवर.
ओरडला नाही. हळूच म्हणाला,
साहेब, थंडी स्क्रीनवर आहे.
आत नाही.
दाराबाहेरपर्यंत आंबूस वास येतोय.

लॅपटॉप उघडला. सात वर्षांपूर्वीची तारीख, माझं नाव,
आणि माझ्या टिपेखाली
कुणीतरी नंतर लिहिलेलं:
हात लावू नये. चालतंय.