ऐवजी

वाशीला, सेक्टर सतराच्या दुकानात
पंचावन्न इंची पडद्यावर एक कासव पोहत होतं.
इतकं स्पष्ट, की त्याच्या मानेच्या सुरकुत्यांत
मला माझे मामा दिसले.
विक्रेता म्हणाला, जुना टीव्ही द्या, वर फक्त एकवीस हजार,
तेही नऊ हप्त्यांत, बिनव्याजी.
हर्षलानं पर्सची चेन न उघडताच विचारलं,
"कशाऐवजी?"

तो गोंधळला. "मॅडम, जुन्या टीव्हीऐवजी."
ती हसली.
प्रश्न त्याला नव्हताच.

चिकट नाही ती.
निहारच्या पोहण्याच्या क्लासची फी
तिनं पापणी न लववता भरली.
दिवाळे गावच्या बाजारात पापलेट घेताना
(गावाचं नावच सावध करणारं, तरीही)
ती घासाघीस करत नाही.
फक्त, तिच्या मते चिठ्ठीवरचा आकडा
हा किमतीचा नुसता पत्ता;
किंमत तिथं राहत नाही.
किंमत म्हणजे ती दुसरी गोष्ट,
जी दुकानात नसते,
जिच्यावर कुणी सेल लावत नाही.

त्या रात्री जुन्याच टीव्हीवर बातमी:
घणसोलीत घरफोडी, दीड लाखाचा ऐवज लंपास.
ती म्हणाली, "आपल्याकडे चोर आला
तर त्याला ऐवज नाही मिळायचा.
ऐवजी मिळतील. पोतंभर."
आणि बसल्या जागेवरून दाखवू लागली:
हे किचन, त्याच्या ट्रॉल्यांमागे
माझं जर्मन, दुसऱ्या परीक्षेनंतर सोडलेलं.
ती तुझी बुलेट, तिच्या मागच्या सीटवर
आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन
वर्षभर बसून होतं.

"आणि हे घर?" मी विचारलं.
ती दूध तापवायला उठली.

टीव्ही घेतला नाही.
एका पाकिटावर तिनं 'तारकर्ली' लिहिलं,
आणि दरमहा हप्त्याएवढे पैसे टाकत राहिली.
पाकीट फुगत गेलं, कपाटात, साड्यांच्या खाली.
मग सोसायटीची लिफ्ट बसली, प्रत्येकी नऊ हजार.
मग निहारचे पुढचे दात.
तारकर्लीतली तार तेवढी त्याच्या तोंडात लागली,
उरलेलं गाव जिथल्या तिथं राहिलं.

मी चिडलो. "मग टीव्ही काय वाईट होता?
निदान कासव तरी घरात आलं असतं."
ती बराच वेळ गप्प.
एवढ्यातेवढ्या बोलण्याचाही ती विचार करते.
मग म्हणाली,
"न घेतलेली वस्तू आपली आपण दुसरं काही होत नाही रे.
तिला व्हायला लावावं लागतं.
ते मला नाही जमलं."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
आम्ही करावे गावापुढच्या पाणथळीवर गेलो.
ओहोटी होती. चिखलात शेकडो फ्लेमिंगो,
प्रत्येकाचा एक पाय खर्ची पडलेला,
एक पोटाशी राखून ठेवलेला.
"विचार यांना," मी म्हणालो,
"दुसरा कशासाठी ठेवलाय."
तिनं खरंच विचारलं. मोठ्यानं.
शेजारी दुर्बीण घेऊन बसलेले गृहस्थ दचकले.

परतताना रिक्षावाला साठ म्हणाला.
"चालू या," ती म्हणाली.
चाललो. नेरूळच्या पुलापर्यंत
तिनं मला कॉलेजातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली,
सतरा वर्षांच्या संसारात कधी न सांगितलेली.
त्या मुलीला पुण्याहून एक पत्र आलं होतं,
तिनं उत्तर पाठवलं नाही, एवढीच.
मुलगी कोण, मी विचारलं नाही.
माझी दुपारची झोप त्या वाटेवर गेली,
ऑफिसचा एक रिपोर्ट गेला;
तिचं काय गेलं, माहीत नाही.

कोपऱ्यावर उसाचा रस.
दोन ग्लास, चाळीस रुपये, आलं जास्त.
ग्लास हातात घेऊन तिनं माझ्याकडे पाहिलं,
विचारायला तोंड उघडलं,
आणि मग रसच प्यायली.