दोन बोटं जाड

दस्तगीरनं सुरी अधांतरी धरून पुन्हा विचारलं,
"अक्का, एवढं जाड? शिजायचं नाही."
मी दोन बोटं आडवी धरली त्याच्यापुढं.
मांडीचा आडवा काप, मधे नळीचा गोल,
गोलात मगज, थिजलेल्या मेणासारखा.
कॅम्पात असे काप मागायला पूर्वी माणसं यायची, म्हणाला,
आता सगळ्यांना रस्सा लागतो.

हा तिसरा.
पहिला झाला चपलेची टाच.
दुसरा बरा होता, पण कापल्याबरोबर
ताटलीभर लाल पाणी धावलं
आणि दातांत उरला नुसता दोरा.
क्लबाच्या भटारखान्यात एकतीस वर्षं काढलेला इनास
फोनवर खोकत हसला:
"मसाला नाय, पाणी नाय, झाकण नाय.
मीठ आदल्या रात्री.
आणि मग थांब. तू थांबत नाहीस, बाय."

तवा बिडाचा, आमच्याच फौंड्रीतला.
पंपाची झाकणं ओतून उरलेल्या रसातून
शिवाप्पानं ओतून दिला, रात्रपाळीत,
कडेला अजून वाळूची खरखर आहे.
साडेतीन किलो. भाकरीसाठी कोण उचलणार?
उद्यमबागेत साचा घाईनं फोडणाऱ्या पोरांवर
मीच ओरडत असते दिवसभर,
गार होऊ दे रे, तडा जाईल.

नीलाक्का सौंदत्तीला गेलेल्या.
भाड्याच्या कागदावर नाही, पण जिन्यात ठरलेलं:
अंडं चालतंय, त्याच्या पुढचं विचारून.
मी विचारलं नव्हतं.

खिडक्या लावल्या. मलमलीच्या फडक्यानं काप टिपला,
पुन्हा टिपला, कोरडा खडखडीत.
तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो
गोटीसारखा पळाला, मेला नाही.
मग ठेवला.

असा आवाज घरात कधी झाला नव्हता.
तिसऱ्या गेटापाशी गाडी थांबल्यावर
वाफेचा सुटतो, तसा काहीसा, पण जवळ,
कानाच्या पाळीला लागणारा.
हलवू नकोस, हलवू नकोस. मी हात पाठीमागे बांधले.
उलटला तेव्हा भाजलेल्या कातड्यावर
तव्याच्या वाळूची नक्षी उमटलेली.
गणपत गल्लीतलं, पानातलं लोणी सगळं टाकलं,
दोन लसणी, ठेचलेल्या,
आणि चमच्यानं तेच लोणी वर, पुन्हा वर.
काप ताटलीत काढला, दुसरी ताटली उपडी घातली,
सुरी घेतली,

आणि दारावर थाप.

नीलाक्का. कपाळावर भंडारा, हातात हेस्कॉमचं बिल.
"बस लवकर मिळाली. हे तुझं, खालच्या पेटीत पडलं होतं.
वाचू काय?"
मला कानडी बोलता येतं, थोडं, वाचता येत नाही,
नऊ वर्षं झाली, लाज वाटते.
त्या चष्मा लावून उंबऱ्यातच वाचत राहिल्या,
मागची बाकी, युनिट, स्थिर आकार,
प्रत्येक ओळ आधी कानडीत, मग मराठीत,
बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीला शिकवावं तसं.
मी मान हलवत होते. मागे ताटली.
चारशे बावीस रुपये.
मग त्यांनी चष्मा काढला, नाक उचललं.
"एनव्वा? वासने."

वासने. त्यांच्यात नुसता वास.
आमच्यात त्या शब्दाला केवढं ओझं.

"आमच्यात चालत नाही बघ," म्हणाल्या,
मग जरा वेळानं, जिन्याकडं बघत,
"आमच्या चिदूच्या शर्टाला शनिवारी असाच येतो.
म्हणतो, ऑफिसातल्या मशीनचा."
प्रसादाची पुडी हातावर ठेवली. उतरल्या.

घड्याळात अकरा मिनिटं गेलेली.
ताटली उचलली. खाली रस एवढासा,
चमचाभरही नाही.
सुरी गेली, आत फिकट गुलाबी, ओलं,
पळालं नाही काही.
उभ्यानंच खाल्लं, ओट्यापाशी, हातानं,
मगज शेवटी, नळी ओठांना लावून.

खाली खिडक्या उघडल्याचा आवाज,
एक, दोन, तिसरी अडकली.
आणि नीलाक्का फोनवर, कानडीत, भरभर.
चिदू एवढं कळलं. मशीन एवढं कळलं.
मी तवा घासला नाही, नुसता पुसला.