जिव्हाळी

मेबलची नखं काळी.
काळ्या नखात जिव्हाळी दिसत नाही,
कुठे नख संपतं आणि कुठे मेबल सुरू होते
हे कळायला उजेड लागतो,
आणि ग्रिम्सबीत डिसेंबरचा उजेड
पावणेचारलाच दुकान बंद करतो.
दिवे लागल्यावर नखं कापू नयेत, आई सांगायची.
आई, मग इथे मार्चपर्यंत थांबावं लागेल.

मी दिवसभर नखंच कापते. पगारी.
पायांच्या दवाखान्यात, बुटक्या स्टुलावर बसून,
जाडजूड, पिवळी, शिंगासारखी वळलेली.
दिवसाला अठरा-वीस पावलं मांडीवर घेते,
कुणी हूं की चूं करत नाही.
आणि घरी ही सत्तावीस किलोंची बाई
ड्रॉवर उघडल्याचा नुसता आवाज ऐकून
वॉशिंग मशीनच्या मागे जाते,
जिथे पडलेला मोजासुद्धा मला काढता येत नाही.

तीन वर्षं धावली ती शर्यतीत.
कानात हिरव्या शाईनं गोंदलेली अक्षरं आहेत.
तिचे पाय तेव्हा कोण धरायचं, कसं धरायचं,
विचारणार कुणाला?
थरथर सांगते तेवढं खरं:
आधी मांडी, मग बरगड्या,
मग माझं मनगट.

वॉल्टर ब्लँचर्ड, वय एक्क्याऐंशी,
आइसलंडच्या थंडीत दोन बोटं ठेवून आलेला मासेमार
(‘आठच आहेत, लवकर सोड’ हा दर खेपेचा विनोद),
तो म्हणाला, तिच्याकडे बघू नकोस.
टीव्ही बघ. तुझं लक्षच नाही असं वाटू दे तिला.
बोटीवर नवं पोर भ्यालं की आम्ही
शेजारी बसून जाळं दुरुस्त करायचो, बोलायचो नाही.

म्हणून मी जमिनीवर बसते, तिच्याकडे अर्धी पाठ करून.
स्नूकर लावते, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही.
डब्याच्या झाकणावर पीनट बटर.
पहिला आठवडा कटर नुसतं शेजारी पडून.
दुसऱ्यात पंजाला टेकवलं, उचललं.
मग एका मंगळवारी, हिरव्या टेबलावर
गुलाबी चेंडू घरंगळत असताना,
कट्.
तिनं चाटणं थांबवलं.
मी श्वास.
टीव्हीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

रोज एक. अठरा नखं, अठरा दिवस.
नवव्या दिवशी मला फाजील आत्मविश्वास आला
आणि जिव्हाळीला लागलं.
ओरडली नाही. तेच वाईट.
नुसतं बघितलं,
जणू आठ दिवस ती याचीच वाट बघत होती.
मी मूठभर हळद आणून दाबून धरली;
रक्त थांबलं, घरमालकाचा गालिचा
कायमचा पिवळा झाला.
त्या रात्री उशिरा लक्षात आलं,
जिव्हाळा म्हणतो तो शब्दही इथलाच,
नखाखालचा,
हात लावला तर दुखणाऱ्या जागेचा.

आता फेब्रुवारी सरत आलाय. दुसरी फेरी.
उजेड साडेपाचपर्यंत रेंगाळतो.
सतरा झाली. वॉल्टरला सांगितलं तर म्हणाला,
माझ्यापेक्षा नऊ जास्त.
अठरावं ते, मागच्या डाव्या पायाचं, हळदीचं.
त्याला मी अजून हात लावलेला नाही.
रात्री ती स्वयंपाकघरात फिरते
तेव्हा पूर्वीची ती टकटकटक येत नाही,
एकच येते.
टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्.
मी पांघरुणात पडून मोजते,
माझ्या दारापर्यंत आली का
की पुन्हा मशीनकडे वळली.