बारा वाजताची काकडी

तीस वर्षं मी सायकलवरून टपाल वाटलं,
नेमुनास नदीच्या या काठच्या अकरा गावांत.
निघताना वाफ्यांवर दव असायचं,
परतताना सावल्या कुंपणाला टेकलेल्या.
त्यामुळे बारा वाजताची काकडी
कशी असते, मला ठाऊकच नव्हतं.

पाठीवर कोमट असते. पोटाशी गार.
पानाखाली अशी बसते, अंग चोरून,
जणू तिनंच काहीतरी खाल्लंय.

ऑगस्ट सरत आला की
सगळी भाजी एकदमच दारात येते.
घेवडा म्हणतो मला आधी, बीट म्हणतं मला,
शेपू छत्र्या उघडून उभा, पाऊस नसताना,
आणि ती झुकिनी,
परवा बोटाएवढी होती, आज तान्ह्या पोराएवढी.
गावात कुणी घेत नाही आता.
माझी सख्खी बहीण ब्रोन्ये,
मला टोपली घेऊन येताना पाहिलं
की आतून कडी लावते.

दुपारचं जेवण म्हणजे काय,
उकडलेलं बीट किसायचं, त्यावर गार ताक,
काकडी, कांद्याची पात, अंडं, मूठभर शेपू.
रंग असा की पाहुण्यांना वाटतं थट्टा चाललीय.
बटाटे वेगळ्या ताटलीत, वाफाळते, सालासकट.
एक घोट गार, एक घास गरम,
आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.
आई म्हणायची, यात स्वयंपाक कुठला?
पण दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

कुंपणापलीकडे झेनोनास.
मधमाश्यांच्या सहा पेट्या,
आणि डब्लिनला गेलेला एक मुलगा.
किती वर्षं तो फाटकाशी उभा राहिला
मी यायच्या वेळेला.
मी लांबूनच मान हलवायचे.
नाही म्हणायला
सायकल थांबवावी लागत नाही.

आता तोच येतो, बरणी घेऊन.
'आज काही आहे का?' विचारतो,
सवयीनं, की मुद्दाम, कळत नाही.
'आहेत की. सात. सगळ्या तुझ्याच नावावर.'

काकडी उभी चिरायची, वर मध.
बाहेरच्यांना हे सांगितलं तर हसतात.
हसू देत.
जिभेला आधी पाणी लागतं, मग बिया,
मग लिंडनच्या फुलांवरचा अख्खा जुलै,
आणि मनगटावरून ओघळलेलं
चाटायला साठीनंतर लाज वाटत नाही.

कापलेल्या गवतात करकोचे जमलेत.
चोवीस तारखेच्या आसपास निघतात,
नवा पत्ता न ठेवता.
झेनोनास हातातली फोड रोखून मोजतो. एकतीस.
मला एकोणतीस दिसतात.
वाद घालायला वेळ आहे, म्हणून घालतो.
मग तो म्हणतो, 'परवा फोन आला होता त्याचा.
विचारत होता, काकड्या झाल्या का.'
मी सुरी धुते. बराच वेळ धुते.

संध्याकाळी बरण्या भरते.
तळाला लसूण, करंटची पानं,
ओकचं एक, कुरकुरीतपणासाठी,
मीठ अंदाजानं, आणि तो अंदाज
दरवर्षी थोडा चुकतोच.
झाकण सैल ठेवते. त्यांनाही श्वास लागतो.
कागदावर लिहून चिकटवते: ऑगस्ट.
जानेवारीत पोचेल, बर्फातून,
उशीर झाला तरी तक्रार कुणाकडे करणार?

वेलीवर एकच ठेवलीय, बियांसाठी.
पिवळी, जाडजूड, उन्हात लोळणारी.
तिला खुडणार नाही.
नंतर तिच्या बिया धुऊन, वाळवून
टपालखात्याच्या कोऱ्या पाकिटात घालीन.
अशी पाकिटं घरात पुष्कळ आहेत.
निवृत्त होताना परत करायची होती.
केली नाहीत.