पानाची डावी बाजू

अनगोळात भाचीची वास्तुशांत, साठ पानं.
हुक्केरीच्या आचाऱ्यानं मोठं सगळं उचललं,
भात, कटाची आमटी, पोळ्या, भरली वांगी.
मला म्हणाले, मामा, तुम्ही डावी बाजू बघा.

डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू,
चटणी, कोशिंबीर,
जे पोटभर कुणी खात नाही
आणि नसलं की सगळे विचारतात.

सव्वीस वर्षं मी शिट्टी मारली बेळगाव–गोकाक गाडीत.
'मुंद होग्री, पुढं सरका' एका दमात,
कुठलं आधी, ते समोरच्याच्या पिशवीवरून ठरायचं.
सुट्टे नसले की बाकी तिकिटाच्या मागं लिहून द्यायची.
त्या हातात आता चाकू
आणि पुढ्यात आठ किलो काकडी.

ही धारवाडला, लेकीच्या बाळंतपणाला.
फोनवरून एकेक सांगत होती:
काकडी कोचवा, किसू नका.
टोक कापून चाखा, एक कडू निघाली तर सगळं वाया.
दाण्याचं कूट जाडसर.
दही नको, साठ माणसांत आंबून जाईल.
बीट वेगळ्या भांड्यात, ते कुणाचं ऐकत नाही, सगळ्यांना रंगवतं.
मेथी कच्चीच, बारीक चिरून,
कांद्याची पात, मुळा, वरून शेंगतेल, हातानं कालवा.
कारळ्याची चटणी आपल्या फडताळात आहे, निळ्या झाकणाची.
आणि मीठ
मीठ आयत्या वेळी हं.
पाणी वाढून झालं, मंडळी बसली, मगच.
आधी घातलं की काकडी रडते.

भटजी म्हणाले, दहा मिनिटं.
मी मीठ घातलं.

मग कळलं, भाचीचे सासरे यायचेत,
गोकाकच्या गाडीनं.
ती गाडी किती उशीर करते
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक!
यमकनमर्डीला चहा, सुतगट्टीच्या घाटात दम,
दीड तास.
पातेल्यात डोकावलो तर
कूट तरंगतंय, मिरच्या पोहतायत,
तळ दिसतोय.
आचारी बघून हसला नाही, ते जास्त लागलं.

तेवढ्यात मागच्या दारानं गंगव्वा मुन्नोळी,
भाचीची शेजारीण, ताट मागायला आली की द्यायला, आठवत नाही.
'अय्य, नीर बिट्टैती' म्हणाली
आणि गेली तशीच परत.
आली ती स्टीलचा मोठा डबा घेऊन.
भिजवलेली मुगाची डाळ,
तिच्या घरी संध्याकाळी भजनाला बायका यायच्या होत्या, त्यांच्यासाठीची.
मी नको नको म्हणेपर्यंत ओतली.
खोबरं मागितलं. लिंबू पिळलं. मोहरी-हिंगाची फोडणी
माझ्याच कढल्यात, माझ्याकडं न बघता.
डाळीनं पाणी पिऊन टाकलं.
पावणेदोनला पातेलं पुन्हा उभं राहिलं,
दुसरंच काहीतरी होऊन.

पंगतीत मीच वाढत फिरलो.
एक म्हणाला, कोशिंबीर आणा की जरा.
पलीकडचा म्हणाला, कोसंबरी स्वल्प हाक्री.
मी दोघांना होय म्हटलं,
एकाच पळीनं.
गोकाकच्या सासऱ्यांनी तीनदा मागून घेतली,
उशिराबद्दल अवाक्षर नाही.
बीट कुणी शिवलं नाही. मेथी संपली.

रात्री हिचा फोन.
मीठ कधी घातलंत?
आयत्या वेळी, म्हटलं.
ती थोडा वेळ बोलली नाही.
मागं बाळ रडत होतं.

डबा अजून आमच्या ओट्यावर आहे.
रिकामा परत द्यायचा नसतो,
आणि भरून द्यावं असं मला अजून काही जमत नाही.
तिच्या भजनाच्या बायकांनी त्या संध्याकाळी काय खाल्लं,
ते विचारायला धीर होत नाही.
परवा जुन्या तिकिटाचा गठ्ठा सापडला,
त्यातल्या एकाच्या मागं लिहून डब्यात ठेवलंय,
बाकी: एक किलो डाळ.
ती रोज कुंपणावरून विचारते, ऊट आता?
मी म्हणतो, झालं की.
डब्याचं नाव कुणीच काढत नाही.