चौऱ्याऐंशीवर

मार्तुनीहून वार्देनिसला जाताना
तळं डाव्या हाताला असतं
आणि मागच्या सीटवर लशींची पेटी.
ऐंशीपर्यंत सगळं ठीक.
ब्याऐंशीला एखादी कुपी शेजारणीला हळूच टेकते.
चौऱ्याऐंशीला निवाच्या अंगात येतं:
स्टिअरिंग, आरसा, माझे दात,
चाळीस मेंढ्यांपुरत्या काचा
सगळ्या एकदम किणकिणतात.
मग नव्वद.
जसं काही घडलंच नाही.

महिनाभर मी रस्त्याला बोल लावला,
मग टायरला, मग तळ्यावरच्या वाऱ्याला,
आणि एकदा, खोटं कशाला बोलू, नवऱ्याला,
कारण गाडी त्यानं पसंत केली होती.

वाराझ्दातनं चाक उतरवून दांड्यावर चढवलं,
फिरवलं, थांबू दिलं.
जड बाजू आपसूक खाली आली.
"वीस ग्रॅम," तो म्हणाला. "साखरेचे चार खडे."
एवढ्यानं अख्खी गाडी हलते?
"लोखंडालाही हलायची आपली चाल असते, शुशानिक.
तुझ्या या सांगाड्याला
सेकंदाला अकरा हेलकावे मानवतात.
चौऱ्याऐंशीला चाक नेमकं अकरा वेळा फिरतं,
आणि दर फेरीला तेच चार खडे
त्याला त्याच्याच वेळेवर ढकलतात.
झोपाळ्यावरच्या पोराला ढकलतो ना, तसं.
जोर लागतच नाही.
वेळ साधली की झालं."

बोलताना त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता,
अंगठा बोटांशी घासत,
न दिसणारा मणी वळत असल्यासारखा.
मी गुरांची डॉक्टर.
माणसांचं मला कळत नाही, असं म्हणून सुटता येतं.
मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं:
"याचं उलटं आहे. थांबला की सुरू होतो."

मग हातोडी उचलली
आणि हात निवला.
रिमच्या कडेला शिशाचा तुकडा,
तीन ठोके,
तिन्ही एकाच जागी.

दुपारी मी मुद्दाम काटा चौऱ्याऐंशीवर धरला.
कुप्या गप्प. तळं गप्प.
सारुखानच्या वळणावर एक बकरी आडवी आली, तेवढंच.
एव्हाना त्यानं गॅरेजचं दार ओढून
कॉफीचा कप बशीसकट उचलला असेल.

बॉनेटखालची स्टेपनीही बघ,
असं म्हणायला हवं होतं.